शंका आली तर दोन

१

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौकीतल्या पोलिसाने नाही, प्रोफेसरने नाही, माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा नाही. भाऊ म्हणाला, नीवेस, तुझ्याशी आजवर कोणाचं पटलंय? कंटाळली असेल, गेली असेल निघून. पोलिसाने वही उघडायचीही तसदी घेतली नाही. पन्नाशीची बाई, म्हणाला, आपल्या पायांनी गेली असेल तर आम्ही काय कानाला धरून परत आणायची?

म्हणून आता लिहूनच काढते. मी पाचवी शिकलेली आहे. वाक्यं चुकली तर चुकली. झालं ते झालंय.

योले झेनोनी आणि मी मोज्यांच्या कारखान्यात भेटलो, त्याला तीस वर्षं झाली. शेजारशेजारच्या मशीनवर. तिथे एकदा सुई तिच्या उजव्या अंगठ्यातून आरपार गेली, तेव्हापासून ते नख मधोमध चिरलेलं उगवायचं, बकरीच्या खुरासारखं. मी चिडवायचे, ती तो अंगठा माझ्या नाकासमोर नाचवायची. कारखाना बंद पडला तेव्हा कामगार कचेरीने आम्हा दोघींना विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर पाठवलं. कुठल्या ते लिहीत नाही. त्यांना वकील परवडतात.

जागा म्हणजे जुन्या मठाचं जेवणघर. उंच कमान, भिंतीत पोथी वाचणाऱ्या साधूसाठी कोनाडा, खिडक्या इतक्या वर की आभाळाशिवाय काही दिसू नये. दार एकच, जड, वर लोखंडी स्प्रिंग बसवलेलं. ते कण्हायचं. उघडताना एकदा, मिटताना एकदा. कोणी आलं की दोन आवाज. पहिल्या आठवड्यात जीव नकोसा झाला, नंतर कानांना सवय झाली.

२

काम असं. सहाशे वर्षांपूर्वी बोलोन्यात कायदा शिकायला कोण आलं, कुठल्या गावचं, कोणाचा मुलगा, परीक्षा कधी दिली, त्या परीक्षेला साक्षीदार म्हणून कोण हजर होतं, हे सगळं कातड्याच्या पानांच्या वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं आहे. मी स्कॅनरवर बसायचे. डाव्या हाताने पान उलटायचं, पायाने खटका दाबायचा, वरून फोटो निघतो. हातमोजे नाहीत. लोकांना वाटतं असतात, पण मोज्याने पान कळत नाही आणि फाटतं. धुतलेले, कोरडे, उघडे हात.

मग मशीन ते अक्षर वाचतं आणि प्रत्येक माणसाचं एक कार्ड करतं. नाव, बापाचं नाव, गाव, खाली साल लावून त्याच्याबद्दल जे सापडलं ते. अशी चाळीस-पन्नास हजार कार्डं. त्याला डेटाबेस म्हणतात. खरी भानगड पुढे आहे. जुने कारकून नाव दर खेपेला वेगळं लिहायचे, शेपटं हवी तशी लावायचे. म्हणून मशीन शेपूट धरत नाही, नावाचं धड धरतं, आणि दोन कार्डं शेजारी ठेवून विचारतं: हा माणूस एकच आहे की दोन? दुपारनंतर आम्ही दोघी त्याची उत्तरं देत बसायचो. एक, नाहीतर दोन. एक दाबलं की दोन्ही कार्डं मिसळतात आणि लहान कार्ड मोठ्यात जातं.

हे आम्हाला शिकवलं तिथल्या प्रमुख बाईंनी, दोत्तोरेसा फोस्कांनी. पासष्टीच्या, चष्मा दोरीला, लॅटिन अशी वाचायच्या की जशी मी किराणाची यादी वाचते. आम्हाला कधी अडाणी म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "एकाची दोन कार्डं राहिली तर बिघडत नाही, कोणीतरी पुढे जोडील. पण दोन माणसं एका कार्डात घातलीत, तर जो गिळला गेला त्याला शोधायला कोणी येत नाही, कारण तो होता हेच कोणाला माहीत नसतं. शंका आली तर दोन. लक्षात राहील?"

मी म्हटलं, दोन हा आकडा पहिलीतच शिकलेय.

त्या हसल्या, मग हसू पुसून म्हणाल्या, चूक झाली तर आपल्या यादीत जायचं, दाबलेलं शोधायचं आणि मोडायचं. जिने दाबलं तिलाच मोडता येतं, दुसऱ्या कोणाला नाही. तीस दिवस. मग शिक्का बसतो.

नाताळात त्या निवृत्त झाल्या. सगळा कारभार प्रोफेसर व्हेन्तुरोलीच्या हातात आला. गळ्यात रेशमी रुमाल, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणार. मे महिन्यात त्याची परिषद होती. भिंतीएवढं चित्र दाखवायचं होतं त्याला, कोण कोणाबरोबर बसलं-उठलं त्याच्या रेघांचं जाळं. सुट्या कार्डांनी चित्र विस्कटलेलं दिसतं म्हणे. त्याने नवा हुकूम काढला: नाव, बाप, गाव, तीन गोष्टी जुळल्या की एक. शंका काढत बसायचं नाही. माणशी रोज चारशे प्रश्न.

मी तोंडावर सांगितलं की फोस्काबाईंनी उलट शिकवलंय. तो म्हणाला, सिन्योरा, तुम्ही पानं उलटा.

३

जानेवारीत मला झेनो भेटला.

झेनो, बार्तोलोचा मुलगा, लोयानो गावचा. लोयानो म्हणजे आमच्याच डोंगरात, योलेचं गाव. मी तिला हाक मारली, ये, तुझा गाववाला सापडला. १३८८ साली नाव घातलं. परीक्षा कधीच दिली नाही. पण दुसऱ्यांच्या परीक्षेला हजर. साक्षीदारांच्या यादीत सगळ्यात शेवटी. योले म्हणाली, "लोयानोचाच. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याचं बघत उभं राहायचं. माझा बाप असाच होता."

१४०१पर्यंत असा सात वेळा. मग १४३३. मग १४६७. मग १५१२. आणि प्रत्येक वेळी मशीन विचारणार, तोच ना? आणि तीन गोष्टी जुळलेल्या, म्हणून आम्ही दाबणार, एक.

एकशे चोवीस वर्षं माणूस साक्षीला उभा राहतो का? मला पाचवीचं गणित येतं. मी फोस्काबाईंना घरी फोन केला. त्या म्हणाल्या, अगं आजोबाचं नाव नातवाला, त्याचं पुढच्याला, चार जण असतील. दोन दाबायचं होतं. मी म्हटलं, बरोबर. आणि मला ते खरंच बरोबर वाटलं. आजही वाटतं.

एकच गोष्ट घशात अडकून राहिली. मला लॅटिन येत नाही, पण रोज बघून काही शब्दांचे आकार ओळखीचे होतात. झेनोच्या नावापुढे प्रत्येक पानावर तेच दोन शब्द होते, दात पडलेल्या कंगव्यासारखे दिसायचे. सात कारकून, सात हातांची अक्षरं, शब्द तेच. विचारलं तर फोस्काबाई म्हणाल्या, 'दाराजवळ'. बाकी कोणता साक्षीदार कुठे उभा होता ते कोणी लिहिलेलं नाही. फक्त ह्याचं.

आणि कार्डावर मरणाचं साल कोरं. संगणक सांभाळणारा लेआर्को, पोट सुटलेला, दिवसभर बडीशेप चघळणारा माणूस. त्याला विचारलं, की ज्यांचं मरण सापडलेलं नाही त्यांना मशीन काय समजतं? तो म्हणाला, "काय समजणार? जिवंत. म्हणून तर पुढच्या प्रत्येक सालात शोधत राहतं."

४

मार्चच्या अकरा तारखेला, मंगळवारी, योलेच्या स्क्रीनवर प्रश्न आला. डावीकडे: झेनो, बाप बार्तोलो, गाव लोयानो. उजवीकडे: झेनोनी, योले, बाप बार्तोलो, गाव लोयानो. हा माणूस एकच आहे की दोन?

आम्ही इतक्या हसलो की योलेला उचकी लागली. लेआर्को धावत आला, कपाळावर हात मारून घेतला. झालं असं होतं की काम करणाऱ्यांची नावं त्याने वेगळी ठेवली नव्हती. त्या विद्वानांच्याच खणात आमचीही कार्डं टाकलेली, कोणी काय दाबलं त्याचा हिशोब राहावा म्हणून. कामगार कचेरीच्या फॉर्मवर बापाचं नाव आणि जन्मगाव होतंच, तेही आलं.

"पण ही बाई आहे," मी म्हटलं.

लेआर्को म्हणाला, बाई की पुरुष असा रकानाच नाही. त्या काळी शिकायला येणारे सगळे पुरुष, रकाना करायचा कशाला?

हे मी दोनदा सुनावलं असतं प्रोफेसरला, त्याने ऐकलं असतं तर. एवढी शिकलेली माणसं, वर्षभर बैठका घेतात, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की त्या खोलीत बसून पानं उलटणाऱ्या दोघी बायका आहेत.

योलेने दोन दाबलं. म्हणाली, मला नाही व्हायचं सहाशे वर्षांची, गुडघे आत्ताच दुखतात. पण रीत अशी होती की एकीने दोन दाबलं की तो प्रश्न आणखी एका नजरेसाठी दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जायचा. कोणाच्या ते मशीन ठरवायचं.

बुधवारी आमचं वाजलं. प्रोफेसर पाहुण्यांना घेऊन आला होता. मी एका पानाबद्दल काही बोलले आणि ते चुकलं, आणि योले सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "तिला विचारू नका, तिची गाडी पाचवीच्या पुढे जात नाही." स्वतः आठवी. पाहुणे हसले. प्रोफेसर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून हसला. त्यानंतर मी योलेशी बोलणं बंद केलं. तो भाग वेगळा.

शुक्रवारी प्रोफेसरने राहिलेले सगळे प्रश्न संध्याकाळपर्यंत संपवायला सांगितलं आणि स्वतःही बसला, घाऊक एक-एक करत. माझाही हात न वाचता चालत होता. एक, एक, एक. त्याच दिवशी ते दाबलं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा रेशमी रुमाल आहे, आणि ती खटाखट चालणारी बोटं.

५

सोमवारी योलेच्या प्लास्टिकच्या ओळखपट्टीने दार उघडेना. तिने घंटी वाजवली, लेआर्कोने आत घेतलं. पट्टी खराब, तो म्हणाला, देतो नवी. दिली नाही. तिने तीन वेळा आठवण करून दिली. तो दर वेळी हो हो म्हणायचा आणि पाठ वळली की विसरायचा.

मंगळवारी लेआर्को कॉफी घेऊन आला, तीन कप. तो, मी, प्रोफेसर. योलेचा नाही. मला मनातून बरं वाटलं, हे लपवत नाही. बुधवारी सफाईवाली योले बसलेली असताना तिच्या टेबलावरचा दिवा मालवून गेली. गुरुवारी तिची खुर्ची नव्हती. कोणीतरी कोपऱ्यात रचून ठेवली होती, जादा खुर्च्या ठेवतात तशी. योलेने ती आणली नाही. दाराजवळ उभी राहिली.

मला वाटलं नाटक करतेय. माझं मन वळावं म्हणून. ती तशी नाटकी होतीच, कारखान्यात एकदा सुट्टीसाठी बेशुद्ध पडली होती.

पण दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. भिंतीला टेकलेली नाही, फोन बघत नाही, नुसती उभी. हात पोटाशी जुळवलेले. मी पान उलटायला घेतलं आणि ती मागून म्हणाली, "पुढे चौघे आहेत. एकाला खोकला आहे."

मी उलटलं. चार नावं. खोकल्याचं काही कळायला मार्ग नव्हता. मी स्वतःला समजावलं, ह्या वहीचं जुनं सूचिपत्र आहे, तिने वाचलं असेल. त्यानंतर ती दर पानाला सांगायची. पाच जण. तिघे. आज खोली गरम आहे. एकदा म्हणाली, आज तो मुलगा नापास होणार, आणि आवाजात इतकी माया होती की मला राग आला. मी खटका जोरात दाबायला लागले, तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

सव्वीस मार्च, बुधवार, सकाळचे साडेअकरा. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीचा उजेड मधल्या फरशीवर पडलेला, दारापर्यंत पोचत नव्हता. योले म्हणाली, "नीवेस, मला बस म्हण ना गं."

मी पाठमोरीच.

"पाय हलत नाहीत. कोणीतरी बस म्हटल्याशिवाय इथे बसता येत नाही. म्हण ना एकदा."

मी म्हटलं, "तुला बसायला कोणी हात धरलाय?" आणि पान उलटलं.

दार कण्हलं. एकदाच. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. कानांना सवय होती ना, पहिल्यानंतर दुसरा. तो आला नाही. वळून बघितलं तर दार नीट मिटलेलं होतं आणि तिथे कोणी नव्हतं.

६

संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. स्टेशनामागच्या बोलोनिना वस्तीत ती आर्जा नावाच्या म्हातारीकडे भाड्याने राहायची. अकरा वर्षं. म्हातारी म्हणाली, ती होय, ती आत कुठे यायची, दारातच तर उभी असायची. मी तिला बाजूला सारून आत गेले. योलेचा पलंग घडी न मोडलेला. चुलीवर तिचंच लहान पातेलं, आत रस्सा जमून गेलेला. म्हातारी म्हणाली, हे कोणाचं पातेलं आहे मलाही कळत नाही.

पोलिसाचं सांगितलंच. लेआर्कोला विचारलं, योले कुठे आहे? त्याने बडीशेप चघळणं थांबवून आठवायचा खरंच प्रयत्न केला. म्हणाला, "दाराजवळ उभी असायची ती?"

प्रोफेसर हेच म्हणाला. शब्दाचाही फरक नाही.

तिथे माझं टाळकं सरकलं. मी त्याला म्हटलं, तू शुक्रवारी न वाचता एक दाबलंस, तिचं कार्ड त्या झेनोच्या कार्डात गेलं, माझी मैत्रीण मला परत दे. त्याने लेआर्कोकडे बघितलं, वेड्या माणसाला बाहेर काढण्याआधी बघतात तसं. म्हणाला, सिन्योरा, आपण थोडी विश्रांती घ्या. लेआर्को मला पाण्याचा पेला देत म्हणाला, कार्डं जोडली जातात हो, माणसं नाही.

मग मी लिहायला बसले. विद्यापीठाच्या मुख्य कचेरीला तीन तक्रारी, प्रत्येक आठवड्याला एक. भावाच्या मुलीकडून टाइप करून घेतल्या. प्रोफेसरच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले, तो येईपर्यंत. आला की सगळ्यांसमोर विचारायचे, मोडलंस का? ज्याने दाबलं त्यालाच मोडता येतं, हे मला पाठ होतं. तीस दिवस हेही पाठ होतं. मी रोज त्याला दिवस सांगायचे, मोठ्याने, पोर्तिकोतून, म्हणजे रस्त्याकडेच्या कमानींखालून, त्याच्या मागे चालत. सतरा राहिले. अकरा राहिले. चार राहिले. माणूस रुमालाने घाम पुसायचा आणि भराभर चालायचा. लोक माझ्याकडे बघायचे. बघू देत. मी रस्त्यात ओरडते तेव्हा माझा आवाज कमानीखाली चांगला घुमतो.

तिसावा दिवस एप्रिलच्या तेरा तारखेला गेला. तो रविवार होता. त्याच्या घरासमोर मी दुपारी तीनपर्यंत उभी होते.

तेव्हाही एक विचार यायचा की मी खुळी आहे. बाई कंटाळली, गेली. माझा भाऊ म्हणतो तेच खरं. दिवसातून दोनदा यायचा तो विचार, आणि मला अगदी बरं वाटायचं. मग दार कण्हायचं. एकदाच. आणि मी दुसऱ्याची वाट बघत बसायचे.

७

एकोणतीस एप्रिलला मी १५१९च्या वहीवर होते. सकाळचं काम, डावा हात, पायाने खटका. आता खोलीत मी एकटीच असायचे. फोटो स्क्रीनवर येतात, मी फक्त तिरके तर नाहीत ना एवढं बघते.

एका फोटोत डाव्या कडेला माझं बोट आलं होतं. येतं कधी कधी, मग पुन्हा काढायचा. उजव्या कडेलाही एक होतं.

अंगठा होता. पान धरलेला, सपाट करून, मला मदत करावी तसा. नख मधोमध चिरलेलं.

माझा उजवा हात मांडीवर होता. मी तो वर आणून बघितला. मग पानाकडे बघितलं, खऱ्या पानाकडे. काही नव्हतं. कातडं त्या बाजूला किंचित दबलेलं होतं आणि मी बघत असताना हळूहळू वर आलं.

मी ओरडले नाही. मी फोटो मोठा केला. साक्षीदारांची यादी, शेवटचं नाव झेनो, पुढे तो दात पडलेला कंगवा. पण नावाचं शेपूट वेगळं होतं. ह्या वह्यांत आकार बघून बघून माझे डोळे तयार झालेत, तसं शेपूट मी कधी बघितलं नव्हतं. मी पानाचा तो तुकडा फोस्काबाईंना फोनवर पाठवला आणि फोन केला.

त्यांनी ते आधी लॅटिनमध्ये मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "हे स्त्रीलिंगी आहे. 'दाराजवळ उभी' असं आहे. कारकुनाची चूक असणार." आणि पुन्हा, "चूकच असणार. बाई कशी असेल तिथे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अंगठ्यासकट. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, हे दाबलं कोणी?

व्हेन्तुरोलीने, मी म्हटलं.

"यादीत पाहिलंस?"

त्याची यादी मला कशी दिसणार, मी म्हटलं.

"त्याची नाही, नीवेस," त्या म्हणाल्या.

८

लेआर्कोला मी खुर्चीतून ओढून आणला. झेनोचं कार्ड उघड म्हटलं, कोणी काय जोडलं ते सगळं दाखव. तो म्हणाला त्याला परवानगी लागते. मी दारासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मग दोघंही इथेच राहू. त्याने उघडलं.

ओळीवर ओळ. १३८८. १४०१. १४३३, दाबणार योले झेनोनी. १४६७, १५१२. लेआर्को बोटाने खाली सरकवत होता आणि मी सांगत होते, आता येईल, आता त्या रुमालवाल्याचं नाव येईल, मग बघ मी काय करते. आणि नाही त्याचं, तर तुझं. आमची नावं मेलेल्यांच्या खणात तू टाकलीस. रकाना तू केला नाहीस. आणि तो हरामखोर झेनो, सहाशे वर्षं दुसऱ्याच्या परीक्षा बघत उभा, एकटा कंटाळला म्हणून माझी माणसं लागतात त्याला?

लेआर्कोचं बोट थांबलं. त्याने बडीशेप गिळली. माझ्याकडे बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

वर मी लिहिलंय की त्या शुक्रवारी माझा हात न वाचता चालत होता. बाकीच्या प्रश्नांना खरं आहे ते. ह्या एकाला नाही. हा माझ्यासमोर आला तेव्हा हात थांबला होता. तिचं नाव मी वाचलं. बापाचं वाचलं, गावाचं वाचलं. ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती, सफरचंद खात, आणि माझ्याशी बोलावं म्हणून मुद्दाम मोठ्याने चावत होती. मला फोस्काबाईंचं वाक्य आठवलं, शब्दन् शब्द. मला शंका नव्हतीच. शंकेचा प्रश्नच नव्हता. मी मनात म्हटलं, पाचवीच्या पुढे गाडी जात नाही ना माझी, मग घे, पाचवीवालीची करामत बघ. जा त्याच्याबरोबर उभी राहा. आणि दाबलं. पुढच्या प्रश्नाला मी ते विसरलेसुद्धा होते, इतकं ते क्षुल्लक होतं.

माझ्या यादीत ती ओळ तीस दिवस होती. माझ्या टेबलावर, माझ्या स्क्रीनवर, दोनदा बोट लावलं की उघडणारी. त्या तीस दिवसांत मी कमानीखाली दुसऱ्याच्या नावाने ओरडत होते.

लेआर्को म्हणाला, सिन्योरा, शिक्का बसलाय. मी म्हटलं, दिसतंय मला, डोळे आहेत.

तेवढ्यात दार कण्हलं, एकदा. लेआर्कोने मान वर केली नाही. मी कोपऱ्यातून खुर्ची आणली, टेबलाशी ठेवली, आणि दाराकडे तोंड करून म्हटलं, बस गं योले. पुन्हा म्हटलं. अजूनही म्हणते, रोज, कामाला आले की आधी तेच. खुर्ची रिकामीच राहते. दार दुसऱ्यांदा वाजत नाही.

ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पण त्यांना शिव्या घालताना जे नाव मी घेत होते ते चुकलं होतं, म्हणून खरं खाली उतरवून ठेवते, त्या ओळीत आहे तसंच, माझं काही न घालता.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं. झेनो आणि झेनोनी, लोयानो. उत्तर: एक. दाबणार: नीवेस तारोत्सी.